लस सक्तीची होती की मर्जीची? आशाताई, पोलीस, सफाई कामगारांसाठी नियम काय होता, समजून घ्या

देऊळगाव राजा : कोरोनाची साथ मागे पडली, मास्क कपाटात गेले. पण गावात पारावर, चहाच्या टपरीवर एक वाद अजून निघतोच. "लस सक्तीची होती, म्हणून घेतली," असं एक जण म्हणतो. "सक्ती कुठं होती? मी तर घेतलीच नाही," असं दुसरा म्हणतो. आशाताई, अंगणवाडी सेविका, ग्रामपंचायतीचे शिपाई, नगर परिषदेचे सफाई कामगार यांना मात्र हा वाद नुसत्या गप्पांचा वाटत नाही. रांगेत सगळ्यात पुढे तेच होते. लस नाही तर पगार नाही, हाही धाक जास्त त्यांच्यासारख्यांनाच दाखवला गेला.

पुढे कधी दुसरी साथ आली तर हाच प्रश्न पुन्हा उभा राहील. म्हणून त्या वेळी नियम काय होता, लस गावापर्यंत कशी आली, कुठं अडली आणि शेवटी कोर्टाने काय सांगितलं, हे एकदा नीट समजून घेणं बरं.

फ्रंटलाइन म्हणजे नेमकं कोण?

सरकारी कागदावर दोन गट होते. पहिला आरोग्य कर्मचाऱ्यांचा. त्यात डॉक्टर, नर्स, दवाखान्यातले शिपाई, रुग्णवाहिकेचे चालक, आशा आणि अंगणवाडी सेविका आल्या. खासगी दवाखान्यातले कर्मचारीही यातच होते. देशभरात हा गट साधारण १ कोटीचा धरला होता.

दुसरा गट फ्रंटलाइन कर्मचाऱ्यांचा. पोलीस, होमगार्ड, सैन्य व निमलष्करी दल, तुरुंग कर्मचारी, पालिकेचे सफाई कामगार, महसूल आणि पंचायतीचे कर्मचारी असे मिळून साधारण २ कोटी. या ३ कोटी लोकांच्या लसीचा खर्च केंद्र सरकारने उचलला.

यांना आधी लस देण्यामागे साधा हिशोब होता. पेशंटच्या सगळ्यात जवळ हेच जाणार, म्हणजे धोका यांनाच जास्त. आणि हे आजारी पडले तर बाकीच्यांना बघणार कोण?

रांग कशी पुढे सरकली?

२ जानेवारी २०२१ ला राज्यात चार जिल्ह्यांत लसीकरणाची रंगीत तालीम झाली. पुणे, नागपूर, नंदुरबार आणि आपल्या शेजारचा जालना. दुसऱ्याच दिवशी, ३ जानेवारीला कोविशील्ड आणि कोव्हॅक्सिन या दोन लसींना आपत्कालीन वापराची मंजुरी मिळाली. कोविशील्ड पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची, कोव्हॅक्सिन हैदराबादच्या भारत बायोटेकची.

१६ जानेवारीला देशभर लसीकरण सुरू झालं. महाराष्ट्रात २८५ केंद्रं होती. पहिल्या दिवशी राज्यात ठरवलेल्यांपैकी साधारण ६४ टक्केच लोक आले. हे सगळे आरोग्य खात्यातलेच होते, तरी तिघांतला एक जण त्या दिवशी आला नाही. कुणाला कोविन ॲपचा मेसेजच मिळाला नाही, कुणाच्या मनात धाकधूक होती. ॲपच्या गोंधळामुळे राज्यात पुढचे दोन दिवस काम थांबवावं लागलं. म्हणजे भीती काही फक्त खेड्यातल्या अडाणी माणसाला नव्हती.

पुढे रांग अशी सरकली :

- फेब्रुवारी २०२१ : पोलीस, महसूल, पालिका वगैरे फ्रंटलाइन कर्मचारी
- १ मार्च : ६० वर्षांवरील सगळे आणि ४५ वर्षांवरील जुने आजार असलेले
- १ एप्रिल : ४५ वर्षांवरील सगळे
- १ मे : १८ वर्षांवरील सगळे
- ३ जानेवारी २०२२ : १५ ते १८ वयाची मुलं
- १० जानेवारी २०२२ : आरोग्य व फ्रंटलाइन कर्मचारी आणि आजार असलेल्या ज्येष्ठांना तिसरा, म्हणजे खबरदारीचा डोस

देशाने २१ ऑक्टोबर २०२१ ला १०० कोटी आणि १७ जुलै २०२२ ला २०० कोटी डोसचा टप्पा ओलांडला. आकडा मोठा आहे. पण मधल्या काळात गावात काय हाल झाले, ते या आकड्यात दिसत नाहीत.

पुण्याहून गावापर्यंत लस कशी यायची?

कोविशील्ड आणि कोव्हॅक्सिन २ ते ८ अंश तापमानात ठेवावी लागते. पुण्याच्या राज्य भांडारातून माल अकोल्याला, अकोला आरोग्य परिमंडळाच्या भांडारात यायचा. तिथून बुलढाणा जिल्ह्याला, मग तालुक्यातल्या ग्रामीण रुग्णालयात आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांत. शेवटी निळ्या डब्यात बर्फाच्या पिशव्या घालून उपकेंद्रात किंवा गावच्या शाळेत.

देऊळगाव राजा भागात शेडनेटमध्ये मिरची, टोमॅटोचं बियाणं काढणाऱ्या शेतकऱ्याला हे लगेच कळेल. बियाणं उन्हात पडून राहिलं तर दिसायला तसंच दिसतं, पण उगवण जाते. लसीचंही तसंच आहे. तापमान बिघडलं तर बाटली बघून काही कळत नाही, पण आतला गुण गेलेला असतो.

दुसरी अडचण बाटलीची. कोविशील्डच्या एका बाटलीत १० डोस. एकदा उघडली की ४ तासांत संपवायची, नाही तर फेकायची. गावात सहाच माणसं आली तर चार डोस वाया. म्हणून "दहा जण जमू द्या, मग बाटली फोडतो," असं नर्सताई सांगायच्या आणि मळ्यातून चालत आलेली म्हातारी चिडून परत जायची. चूक दोघींचीही नव्हती. दहा माणसं एका वेळी जमवायचं काम आशाताईंच्या गळ्यात पडलं. फोन करून, घरोघर जाऊन, कधी हाताला धरून त्यांनी ते केलं.

कुठं अडलं?

फेब्रुवारी २०२१ मध्ये दुसऱ्या लाटेची चाहूल राज्यात अमरावती विभागातच आधी लागली. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा या भागात निर्बंध लागले. एप्रिल-मे महिन्यात लाट शिगेला पोहोचली आणि नेमकी त्याच वेळी लस कमी पडली. जालना जिल्ह्यातले राजेश टोपे तेव्हा आरोग्यमंत्री होते, तर सिंदखेड राजा मतदारसंघाचे आमदार डॉ. राजेंद्र शिंगणे अन्न व औषध प्रशासन मंत्री. दोन्ही खाती अशी शेजारच्या माणसांकडेच होती. पण तुटवडा सगळीकडेच होता, त्याला घरचा-परका नव्हता.

१ मे पासून १८ ते ४४ वयाच्या लोकांना लस खुली झाली, पण डोसच नव्हते. १२ मे च्या सुमारास राज्याने या वयोगटाचं लसीकरण थांबवलं आणि शिल्लक डोस ४५ वर्षांवरील लोकांच्या दुसऱ्या डोससाठी वळवले.

तरुणांना कोविनवर नाव नोंदवून वेळ घेणं बंधनकारक होतं. गावात रेंज नाही, ओटीपी वेळेत येत नाही. शहरातला माणूस मात्र दोन मिनिटांत खेड्यातला स्लॉट बुक करून गाडीने यायचा. राज्यात अनेक ठिकाणी गावचं केंद्र, लस शहरवाल्यांना आणि गावकरी बाहेर उभे, असं चित्र दिसलं. २४ मे पासून सरकारी केंद्रावर जागेवरच नोंदणी करायला मुभा मिळाली आणि २१ जून पासून केंद्राने १८ वर्षांवरील सगळ्यांसाठी मोफत लस द्यायला सुरुवात केली. तेव्हा कुठं गाडी रुळावर आली.

दोन डोसमधलं अंतरही बदलत गेलं. कोविशील्डसाठी आधी ४ ते ६ आठवडे, मार्चमध्ये ६ ते ८, मे महिन्यात १२ ते १६ आठवडे. अभ्यासानुसार अंतर बदलणं वेगळं, पण लोकांना ते नीट समजावून सांगितलं गेलं नाही. "लस नाही म्हणून तारीख पुढं ढकलतात," असा संशय बळावला.

आणखी एक गोष्ट. फ्रंटलाइनच्या यादीत नसलेले लोकही त्या नावाखाली नोंदणी करू लागले होते. म्हणून ३ एप्रिल २०२१ ला केंद्राने या दोन गटांची नवी नोंदणी बंद केली. वशिलेबाजांमुळे खरोखर राहून गेलेल्या कर्मचाऱ्यांचीही वाट तिथं बंद झाली.

मग सक्ती होती का?

कागदावर नव्हती. लस ऐच्छिक आहे, असं केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने सुरुवातीपासून सांगितलं होतं. एप्रिल २०२१ मध्ये केंद्राने आपल्या ४५ वर्षांवरील कर्मचाऱ्यांना लस घेण्याचा सल्ला दिला, तो सल्लाच होता. जानेवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात केंद्राने प्रतिज्ञापत्रावर सांगितलं की कुणालाही संमतीशिवाय लस द्या, असं आमच्या नियमांत नाही.

प्रत्यक्षात मात्र बाजूबाजूने दाब होता. १५ ऑगस्ट २०२१ पासून मुंबईत दोन डोस घेतलेल्यांनाच लोकल प्रवास मिळाला. नोव्हेंबर २०२१ मध्ये शेजारच्या औरंगाबाद, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात किमान एक डोस नसेल तर रेशन, पेट्रोल, गॅस नाही, असा आदेश निघाला. त्याच महिन्यात ठाणे महापालिकेने एकही डोस न घेतलेल्या कर्मचाऱ्यांचा पगार रोखायचं ठरवलं. २७ नोव्हेंबरला राज्याच्या नियमावलीतही सार्वजनिक वाहतूक, दुकानं, कार्यक्रम यासाठी पूर्ण लसीकरणाची अट आली.

म्हणजे दंडाला धरून सुई कुणी टोचली नाही, पण सुई नको म्हणणाऱ्याचं रेशन, प्रवास आणि पगार अडचणीत आला. गावच्या भाषेत, दार उघडंच होतं, फक्त बाहेर जायची वाट बंद केली होती.

कोर्ट काय म्हणालं?

जून २०२१ मध्ये मेघालय उच्च न्यायालयाने दुकानदार, टॅक्सीवाले यांना लसीची सक्ती करून त्यांचा रोजगार अडवता येणार नाही, असं सांगितलं. लस चांगली आहे, पण ती समजावून द्या, असा त्याचा रोख होता. मुंबईतल्या लोकलच्या आदेशाची पद्धत बरोबर होती का, यावर मुंबई उच्च न्यायालयानेही २०२२ मध्ये प्रश्न उपस्थित केले.

सगळ्यात महत्त्वाचा निकाल २ मे २०२२ चा. डॉ. जेकब पुलियेल विरुद्ध भारत सरकार या खटल्यात न्यायमूर्ती एल. नागेश्वर राव आणि आपल्या अमरावतीचे न्यायमूर्ती भूषण गवई यांनी तो दिला. याचिकेत महाराष्ट्रासह काही राज्यांच्या निर्बंधांना आव्हान होतं. निकालाचा सार असा :

१. आपल्या शरीराबाबत निर्णय घेण्याचा हक्क राज्यघटनेच्या कलम २१ मध्ये येतो. कुणालाही जबरदस्तीने लस देता येणार नाही.

२. पण हा हक्क अमर्याद नाही. सगळ्यांच्या आरोग्यासाठी सरकार काही बंधनं घालू शकतं. त्याला कायद्याचा आधार हवा, गरज खरी हवी आणि बंधन गरजेपुरतंच हवं.

३. लस न घेतलेल्या माणसापासून लस घेतलेल्यापेक्षा जास्त प्रसार होतो, असं दाखवणारी माहिती सरकारांनी कोर्टापुढे ठेवली नाही. म्हणून संसर्ग कमी आहे तोपर्यंत असे निर्बंध ठेवू नयेत.

४. सरकारचं लसीकरणाचं धोरण मात्र मनमानी किंवा चुकीचं नाही.

५. लसीनंतर त्रास झाला तर त्याची नोंद लोकांना आणि खासगी डॉक्टरांनाही करता यावी, अशी सोय करा.

यातला तिसरा मुद्दा नीट समजून घ्यायला हवा. कोरोनाच्या लसीने गंभीर आजार आणि मृत्यू कमी केले, हे कोर्टानेही नाकारलं नाही. पण लस घेतलेल्यालाही लागण होत होती, त्याच्यापासून दुसऱ्यालाही होत होती. "तुझ्यासाठी घे" हा सल्ला झाला. "दुसऱ्याला धोका नको म्हणून घेच" ही सक्ती झाली. सक्ती करायची तर दुसऱ्याला वाढीव धोका आहे, हे सरकारला दाखवावं लागतं. निकाल त्या वेळच्या परिस्थितीपुरता आहे, हेही कोर्टाने स्पष्ट केलं. उद्या वेगळा आजार आला, त्याची लस प्रसार थांबवणारी असली, तर हिशोब वेगळा होऊ शकतो.

दुसऱ्या देशांत काय झालं?

फ्रान्समध्ये दवाखान्यातल्या कर्मचाऱ्यांना १५ सप्टेंबर २०२१ पासून लस सक्तीची झाली. सुरुवातीलाच सुमारे ३ हजार लोक बिनपगारी निलंबित झाले. २०२३ मध्ये त्यांना परत यायची मुभा मिळाली. इंग्लंडमध्ये वृद्धांच्या केअर होममध्ये नोव्हेंबर २०२१ पासून सक्ती होती. सरकारी दवाखान्यांतही ती १ एप्रिल २०२२ पासून येणार होती, पण त्याआधीच सरकारने माघार घेतली. अमेरिकेत सर्वोच्च न्यायालयाने १३ जानेवारी २०२२ ला दोन वेगळे निर्णय दिले. सरकारी पैसा घेणाऱ्या दवाखान्यांतल्या कर्मचाऱ्यांची सक्ती चालू ठेवली, मोठ्या कंपन्यांच्या कामगारांची थांबवली.

म्हणजे पेशंटला हात लावणाऱ्या माणसासाठी नियम वेगळा असू शकतो, असं बऱ्याच ठिकाणी मानलं गेलं. पण माणसं कामावरून काढली तर दवाखाना चालवायचा कसा, हा पेच तिथंही सुटला नाही.

धाक की भरवसा?

महाराष्ट्राला धाकाचा जुना अनुभव आहे. १८९७ च्या प्लेगमध्ये इंग्रज सरकारने साथरोग कायदा आणला. पुण्यात सोल्जर घरात घुसून रोगी शोधू लागले. लोक रोगी लपवू लागले, संताप वाढला आणि २२ जून १८९७ ला रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या. त्याच वर्षी १० जानेवारीला मुंबईत डॉ. हाफकिन यांनी प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली होती. तोच १८९७ चा कायदा कोरोनातही वापरला गेला.

अगदी अलीकडचं उदाहरण लम्पीचं. २०२२ मध्ये गुरांना लस द्यायची तेव्हा मालकाने दावं धरलं की काम झालं. बैलाला विचारावं लागत नाही. माणसाला विचारावं लागतं, आणि त्याच्या प्रश्नाला उत्तर द्यावं लागतं.

गावात प्रश्न साधे होते. ताप आला तर मजुरी बुडेल, ती कोण देणार? पेरणीच्या दिवसात दोन दिवस अंथरुणावर पडून चालेल का? काही बरं-वाईट झालं तर घराचं काय? रक्ताच्या गुठळ्यांची भीती पूर्ण खोटी नव्हती, पण धोका फार दुर्मिळ होता. मे २०२१ मध्ये केंद्राच्या समितीने कोविशील्डनंतर अशी २६ संभाव्य प्रकरणं सांगितली, म्हणजे १० लाख डोसमागे ०.६१. हा आकडा गावात तेव्हाच साध्या भाषेत पोहोचला असता, तर व्हॉट्सॲपवरच्या अफवांना इतकं रान मिळालं नसतं.

ज्यांनी हे समजावून सांगितलं, त्या आशाताईंची अवस्था काय होती? जून २०२१ मध्ये राज्यातल्या साधारण ७० हजार आशांना संप करावा लागला. १५ जूनला सुरू झालेला संप २३ जूनला मिटला, तेव्हा महिन्याला १,००० रुपये वाढ आणि ५०० रुपये कोविड भत्ता ठरला. पुढच्या वर्षी, मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या आशांचा गौरव केला. गौरव जगाने केला, पण हजार-पाचशेसाठी त्यांना रस्त्यावर बसावं लागलं.

कोविड कामात मृत्यू झाला तर ५० लाखांचं विमा संरक्षण केंद्राने मार्च २०२० मध्येच आरोग्य कर्मचाऱ्यांना दिलं, त्यात आशाही होत्या. ही चांगली गोष्ट झाली. पण लसीनंतरच्या तापात दोन दिवस भरपगारी सुट्टी ही साधी गोष्ट कंत्राटी सफाई कामगाराच्या हिशोबात कुठं बसत होती? सक्तीचा आदेश एका दिवसात निघतो. तो पाळणाऱ्याच्या मागे कोण उभं राहणार, हे मात्र त्यात लिहिलेलं नसतं.

पुढच्या वेळी काय लक्षात ठेवाल?

- लस ऐच्छिक आहे की बंधनकारक, हे तोंडी ऐकू नका. लेखी आदेश मागा. कोणत्या कायद्याखाली, कुणाच्या सहीने, किती दिवसांसाठी, ते पाहा.
- पगार किंवा मानधन रोखलं तर कारण लेखी मागा आणि अर्जाची पोच घ्या.
- ॲलर्जी, गरोदरपण, जुना आजार असेल तर आधी डॉक्टरांना सांगा. लस घेऊ नये असं डॉक्टरांचं मत असेल तर ते लिहून घ्या.
- लस घेतल्यावर अर्धा तास केंद्रावर थांबा. नंतर त्रास झाला तर प्राथमिक आरोग्य केंद्रात नोंद करा. राज्याच्या १०४ या आरोग्य क्रमांकावरही सल्ला मिळतो.
- ग्रामसभेत विचारा : आपल्या गावाला डोस किती आले, शिबिर कोणत्या दिवशी, मळ्यातल्या आणि अंथरुणावरच्या लोकांचं काय?
- आशाताई, अंगणवाडीताई, सफाई कामगार यांच्या सुट्टीची आणि विम्याची सोय आधी झाली का, हेही तिथंच विचारा.

लस न घेण्याचा हक्क आहे, म्हणजे लस वाईट आहे असं नाही. कोर्टानेही तसं म्हटलेलं नाही. घरात म्हातारी माणसं असतील, रोज दहा लोकांत ऊठबस असेल, तर डॉक्टरांना विचारून लस घेणं हेच शहाणपण. फक्त ज्याला रांगेत पहिलं उभं करायचं, त्याला माहिती आणि संरक्षणही पहिलं मिळायला हवं. साथ आली की पुन्हा याच लोकांच्या दारात आपल्याला जायचं आहे.